विकत घेतलेली गाणी वाजेनाशी झाली तर: कुलूपबंद संगीत वाचवण्याची रीत

जुना लॅपटॉप बदलला किंवा विंडोज नव्याने टाकले, गाण्यांचा फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्या यंत्रावर ठेवला, आणि कधीकाळी पैसे मोजून घेतलेल्या गाण्यावर क्लिक करताच सूर ऐकू येण्याऐवजी परवानगी मागणारी चौकट समोर आली, असा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे किंवा येऊ शकतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा वेळी फाइल बिघडलेली नसते, तिचा आकारही पूर्वीइतकाच असतो. ती उघडण्याची किल्ली मात्र आपल्याजवळ नसते. या कुलपाला डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट) म्हणतात. त्याचा फटका कोणाला बसतो, हातची गाणी कशी सोडवावीत आणि पुढे खरेदी करताना काय पाहावे, हे संगणकाची फारशी माहिती नसलेल्या वाचकालाही करता येईल अशा क्रमाने येथे मांडले आहे.

आधी एवढे समजून घ्यावे

ॲपलचे आयट्यून्स म्युझिक स्टोअर २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत सुरू झाले. एका गाण्याला ९९ सेंट पडत आणि गाणे १२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला १२८ किलोबिट माहिती; आकडा मोठा तितका आवाज चांगला) एएसी या प्रकारच्या ध्वनिफाइलमध्ये मिळे; पण ती फाइल ‘फेअरप्ले’ नावाच्या पद्धतीने सांकेतिक रूपात बंद केलेली असे. आपल्या खात्याने एखाद्या संगणकाला मान्यता दिली की ॲपलचा सर्व्हर त्या संगणकाला किल्ली देई, आणि अशी मान्यता एका वेळी ठरावीक संगणकांनाच (सुरुवातीला तीन, २००४ पासून पाच) मिळे. मायक्रोसॉफ्टची पद्धत निराळी असली तरी तत्त्व तेच होते: डब्ल्यूएमए या तिच्या प्रकारच्या गाण्याच्या फाइलसाठीचा परवाना त्या विशिष्ट संगणकावर साठवला जाई, आणि यंत्र बदलले की तो पुन्हा दुकानाच्या सर्व्हरकडून मागून घ्यावा लागे.

गोची येथेच झाली. सोनी कनेक्ट हे दुकान मार्च २००८ अखेर अमेरिकेत बंद झाले. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्येच एमएसएन म्युझिक या आपल्या दुकानातील गाण्यांची विक्री थांबवली होती. एप्रिल २००८ मध्ये तिने ग्राहकांना कळवले की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी परवाने मिळणार नाहीत, आणि ओरड झाल्यावर ती मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. याहूने आपल्या गाण्यांच्या दुकानाचा परवाने देणारा सर्व्हर ३० सप्टेंबर २००८ रोजी बंद करण्याचे जाहीर केले आणि नाराजी पाहून ग्राहकांना भरपाई देऊ केली. वॉलमार्टनेही ९ ऑक्टोबर २००८ ही तारीख देऊन ग्राहकांना गाणी सीडीवर उतरवून घेण्याचा सल्ला दिला, आणि पुढे तो निर्णय मागे घेतला. कंपन्यांनी मुदती वाढवल्या त्या ग्राहकांनी आवाज उठवल्यामुळे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पण वाढवलेली मुदतही अखेर संपतेच.

ॲपलने जानेवारी २००९ मध्ये आपल्या दुकानातील सगळी गाणी कुलूपमुक्त करण्याची घोषणा केली आणि काही महिन्यांत ती अमलात आणली. भारतात आयट्यून्स स्टोअर ४ डिसेंबर २०१२ रोजी आले, तोवर गाण्यांवरचे हे कुलूप गेलेले होते. त्यामुळे २००३ ते २००९ या काळात अमेरिका, ब्रिटन किंवा अन्य देशांत नोकरी-शिक्षणासाठी असलेल्या आणि तेथे गाणी विकत घेतलेल्या मराठी कुटुंबांना ही अडचण अधिक भेडसावते. भारतात राहून खरेदी केलेल्यांचे नुकसान बहुधा वेगळ्या वाटेने झाले. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पहिली पायरी: जुन्या संगणकाला धक्का लावू नये

ज्या संगणकावर ती गाणी आजही वाजतात, तो संगणक म्हणजेच आपली किल्ली आहे. गाणी सुटेपर्यंत तो विकू नये, फॉरमॅट करू नये, त्याचे विंडोज बदलू नये आणि ‘जरा साफसफाई करून देतो’ म्हणणाऱ्या हौशी नातेवाइकाच्या हाती तर मुळीच देऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांबाबत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण गाण्यांच्या फाइलींची नक्कल असली तरी परवाने तिच्यासोबत येत नाहीत. हार्ड डिस्क पुसली की ते गेले. जुने विंडोज इंटरनेटवर सुरक्षित नसते, म्हणून असा संगणक नेटपासून तोडून केवळ या कामापुरता सुरू ठेवावा. ॲपलच्या गाण्यांसाठी मात्र मान्यता देताना नेट लागतेच.

त्यानंतर गाण्यांचा संपूर्ण फोल्डर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा. कुलूपबंद फाइलींची नक्कल करण्यास कसलीही आडकाठी नसते. पुढच्या पायऱ्यांत काही चुकले तर परत येण्यासाठी ही नक्कल उपयोगी पडते.

दुसरी पायरी: कुलूप कोणत्या फाइलीला आहे ते ओळखावे

सगळा संग्रह कुलूपबंद आहे असे समजून हातपाय गाळू नयेत. आयट्यून्समध्ये किंवा मॅकवरील म्युझिक ॲपमध्ये गाण्यांची यादी उघडून वरच्या पट्टीवर राइट क्लिक करावे आणि ‘काइंड’ हा रकाना सुरू करावा. त्या रकान्यात ‘प्रोटेक्टेड एएसी ऑडिओ फाइल’ असे दिसले तर गाणे कुलूपबंद आहे. ‘पर्चेस्ड एएसी ऑडिओ फाइल’ असे दिसले तर ते मोकळे आहे. फाइलच्या नावाच्या शेपटीवरूनही हे कळते: एम४पी म्हणजे बंद, एम४ए म्हणजे मोकळी. एक गफलत मात्र टाळावी. ॲपल म्युझिकच्या मासिक वर्गणीतून उतरवलेल्या गाण्यांच्या फाइलीही एम४पी असतात, पण ‘काइंड’मध्ये त्यांच्यापुढे ॲपल म्युझिकचे नाव येते. ती गाणी आपण विकत घेतलेली नाहीत. वर्गणी थांबली की ती थांबणारच, आणि त्यांच्यासाठी या लेखातील खटपट लागू नाही.

डब्ल्यूएमए फाइलींचे नाव दोन्ही प्रकारांत सारखेच असते. तेथे फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात खाली जावे. ‘प्रोटेक्टेड’ या ओळीपुढे ‘येस’ असेल तर कुलूप आहे.

एवढे करूनही शंका उरली तर साधी चाचणी घ्यावी. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन, नेट बंद असलेल्या दुसऱ्याच संगणकावर, ज्या दुकानातून गाणे घेतले त्याच्याशी संबंध नसलेल्या व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वाजवून पाहावी. कोणाच्याही परवानगीवाचून तेथे वाजली ती फाइल आपली; बाकीच्यांची वेगळी यादी करावी आणि पुढचे काम त्या यादीपुरतेच करावे.

तिसरी पायरी: खाते आणि मान्यता

कुटुंबातील संगणकावर दोन-तीन जणांच्या खात्यांतून गाणी घेतलेली असणे अगदी सामान्य आहे, आणि कोणते गाणे कोणाच्या खात्यातले हे वीस वर्षांनी कोणालाच आठवत नाही. त्याचे उत्तर फाइलमध्येच लिहिलेले असते. गाणे निवडून ‘गेट इन्फो’ उघडावे आणि ‘फाइल’ या भागात पाहावे; गाणे कोणी आणि कोणत्या ॲपल खात्यातून घेतले ते तेथे दिसते. बंद झालेल्या कंपनीचा किंवा विद्यापीठाचा जुना ईमेल पत्ता तेथे दिसला तर आधी त्या खात्याचा पासवर्ड नव्याने मिळवण्याच्या मागे लागावे. हीच नोंद कुलूपमुक्त खरेदीतही असते, म्हणून आपल्या फाइली परक्यांना वाटत सुटू नये हेही जाता जाता सांगितलेले बरे.

खाते हाती आले की ‘अकाउंट’ या यादीतील ‘ऑथरायझेशन्स’मध्ये जाऊन ‘ऑथराइझ धिस कॉम्प्युटर’ निवडावे. पाचही जागा भरल्याचा निरोप आला, आणि त्या पाचांतील तीन यंत्रे एव्हाना भंगारात गेलेली असली, तर खात्याच्या पानावर सर्व संगणकांची मान्यता एकदम काढून टाकण्याची सोय असते. ती बारा महिन्यांतून एकदाच वापरता येते. ती वापरल्यावर हाताशी असलेल्या संगणकाला लगेच पुन्हा मान्यता द्यावी. यापुढे कोणताही संगणक एक्स्चेंजमध्ये देण्यापूर्वी त्याची मान्यता आधी काढावी.

परदेशातून परतलेल्यांसाठी येथे एक खास सूचना आहे. ॲपल खात्याचा देश अमेरिकेवरून भारतावर बदलण्याआधी तेथील सर्व खरेदी संगणकावर उतरवून घ्यावी, कारण नव्या देशाच्या दुकानात नसलेल्या गोष्टी पुन्हा उतरवता येतीलच असे नाही, आणि ॲपलची सूचनाही तशीच आहे. एका खात्यातील खरेदी दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोय ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणली खरी, परंतु ती आणताना युरोपीय संघ, ब्रिटन आणि भारत यांना वगळले. त्यामुळे ‘नवे खाते काढू, जुने त्यात जोडू’ या भरवशावर इथल्या माणसाने राहू नये.

चौथी पायरी: मोकळी प्रत मिळते का ते पाहावे

कुलूप काढण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे त्याच गाण्याची नवी, मोकळी प्रत घेणे. कुलूपबंद फाइल संगणकाच्या गाण्यांच्या यादीतून बाजूला करावी (नक्कल बाहेरच्या डिस्कवर आहे याची खात्री करूनच), दुकानातील ‘पर्चेस्ड’ या भागात जावे आणि तेच गाणे पुन्हा उतरवावे. अनेकदा या वेळी २५६ केबीपीएसची मोकळी फाइल मिळते. उतरवल्यावर ‘काइंड’चा रकाना पुन्हा तपासावा. गाणे ‘पर्चेस्ड’मध्ये दिसतच नसेल तर हक्कधारकाने ते दुकानातून काढून घेतलेले असण्याचा संभव असतो, आणि अशा गाण्यासाठी बाजूला ठेवलेली जुनी फाइल हाच आधार राहतो.

दुसरा मार्ग ‘आयट्यून्स मॅच’ या वार्षिक वर्गणीचा. ही सेवा आपल्या संग्रहातील गाणी ॲपलच्या साठ्याशी जुळवते आणि जुळलेले गाणे २५६ केबीपीएसच्या मोकळ्या फाइलीच्या रूपात उतरवू देते. वर्षभराची वर्गणी भरावी, सगळी गाणी उतरवावीत आणि वर्गणी पुढे चालू ठेवू नये. वर्गणी संपली म्हणून उतरवलेल्या फाइली बंद पडत नाहीत. शे-दोनशे गाणी अडकली असतील तर हा खर्च मला परवडणारा वाटतो. दहा-पंधरा गाण्यांचाच प्रश्न असेल तर पुढची पायरी पुरेशी आहे.

पाचवी पायरी: सीडीचा मार्ग

हा मार्ग जुना आणि वेळखाऊ आहे, पण दुकानाने स्वतः दिलेल्या परवानगीत बसणारा आहे. ॲपलच्या अटींनुसार कुलूपबंद गाण्यांची एकच प्लेलिस्ट सात वेळा ऑडिओ सीडीवर उतरवता येते. डब्ल्यूएमए गाण्यांच्या बहुतेक परवान्यांतही सीडीवर उतरवण्याची ठरावीक मुभा असे. नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा कप्पा नसतो, त्यामुळे यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर आणि काही कोऱ्या सीडी घ्याव्यात. पुसून पुन्हा वापरता येणारी सीडी-आरडब्ल्यू घेतली तर एका सीडीवरही काम भागते.

सुमारे ऐंशी मिनिटांची एक अशा प्लेलिस्ट कराव्यात. उतरवताना ‘ऑडिओ सीडी’ हाच प्रकार निवडावा. ‘एमपी३ सीडी’ निवडली तर कुलूपबंद गाणी घेतली जाणार नाहीत. गाण्यांमधील शांततेचा कालावधी शून्य ठेवावा, विशेषतः एखाद्या मैफलीचे ध्वनिमुद्रण तुकड्यांत विकत घेतलेले असेल तर, कारण विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये दोन सेकंदांची पोकळी आली की सगळा रंग उतरतो.

सीडी तयार झाली की ती परत संगणकात उतरवायची आणि येथे एक निर्णय विचारपूर्वक घ्यायचा असतो. मूळ फाइल १२८ केबीपीएसची आहे, म्हणजे आवाजाचा काही भाग आधीच गाळलेला आहे. सीडीवर तो आहे तसा जातो, त्यात भर पडत नाही. सीडीवरून एमपी३ केली तर गाळणी दुसऱ्यांदा लागते आणि झांजा, तानपुऱ्याचा झंकार, टाळ्यांचा कडकडाट अशा ठिकाणी आवाज चरचरीत झालेला चांगल्या हेडफोनवर जाणवतो. म्हणून ‘इम्पोर्ट सेटिंग्ज’मध्ये ॲपल लॉसलेस, किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरने उतरवत असल्यास फ्लॅक, हा घट न करणारा प्रकार निवडावा. जागा जास्त लागते हे खरे: पाच मिनिटांचे गाणे १२८ केबीपीएसला सुमारे ५ एमबीचे असते, तर सीडीच्या मूळ स्वरूपात ते सुमारे ५३ एमबी होते आणि लॉसलेसमध्ये साधारण त्याच्या निम्म्यावर येते. आजच्या डिस्कच्या भावात ही जागा काही महाग नाही.

देवनागरीत नावे लिहिलेल्या संग्रहाला येथे आणखी एक अडचण येते. सीडीवर गाण्यांची नावे लिहिण्याची जी पद्धत आहे ती देवनागरीसाठी बनलेली नाही, त्यामुळे परत उतरवताना ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ किंवा नुसती प्रश्नचिन्हे हाती येतात. सीडी करण्यापूर्वीच त्या प्लेलिस्टची यादी ‘एक्स्पोर्ट प्लेलिस्ट’ने फाइलमध्ये काढून ठेवावी. उतरवल्यावर गायक, संगीतकार आणि अल्बम यांची नावे एमपी३टॅगसारख्या मोफत साधनाने भरावीत. हे काम ज्या त्या सीडीनंतर लगेच करावे, साठवून ठेवले तर कोणता ‘ट्रॅक ०७’ कशाचा हे ओळखण्यासाठी प्रत्येक गाणे ऐकत बसावे लागते.

दुकान बंद झाले आणि जुना संगणकही गेला असेल तर

या स्थितीत सरळ मार्ग जवळजवळ उरत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून ठेवलेली असेल तर ती त्याच संगणकात, किंवा तो दुरुस्त करून, सुरू होते का ते पाहावे, कारण परवाना यंत्राशी बांधलेला असतो. ते जमले नाही तर त्या काळी केलेल्या सीडी घरात कुठे आहेत का ते शोधावे. अनेकांनी गाडीत ऐकण्यासाठी अशा सीडी केल्या होत्या आणि त्यांवर कुलूप नसते.

कुलूप तोडणारी सॉफ्टवेअरे नेटवर सापडतात. त्यांच्या वाटेला जाण्यापूर्वी कायदा माहीत असावा. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याचे कलम १२०१ कुलूप चुकवण्यालाच मनाई करते, गाणे स्वतःचे असले तरी. बंद पडलेल्या सर्व्हरच्या गाण्यांसाठी मागितलेली सूट तेथे २०१० मध्ये नाकारली गेली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. त्यानुसार हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, मात्र कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी केलेली कृती त्या कलमातून वगळली आहे. आपला कायदा हेतू विचारतो आणि अमेरिकेचा बहुतांशी विचारत नाही, हा फरक मोठा आहे. तरीही खात्याच्या अटी मोडल्याचा प्रश्न वेगळा राहतो. शिवाय अशा सॉफ्टवेअरच्या नावाखाली व्हायरस पसरवणाऱ्यांची कमतरता नाही. मला विचाराल तर त्यापेक्षा तेच गाणे मोकळ्या स्वरूपात पुन्हा विकत घेणे स्वस्त पडते.

कुलूप नसलेली गाणीही हरवतात

फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे एमपी३ गाण्यांचे दुकान सुरू केले. गाण्यांवर कुलूप नव्हते. जून २०१३ मध्ये दुकान बंद झाले आणि घेतलेली गाणी उतरवून घेण्यासाठी ग्राहकांना ऑगस्टपर्यंतची मुदत मिळाली. ज्यांनी ती साधली त्यांची गाणी आजही वाजतात. ज्यांनी ‘खात्यात आहेतच की’ म्हणून सोडून दिली, त्यांची गेली. गूगल प्ले म्युझिकही २०२० अखेरीस बंद झाले आणि तेथील संग्रह यूट्यूब म्युझिकमध्ये हलवण्यासाठी किंवा उतरवून घेण्यासाठी २४ फेब्रुवारी २०२१ पर्यंत अवधी होता. तेव्हा खरेदी केली की त्याच दिवशी फाइल उतरवावी. दुकानाचा ‘संग्रह’ ही फार तर दुसरी प्रत समजावी.

स्पॉटिफायसारख्या सेवांमधील ‘डाउनलोड’ ही खरेदी नव्हे. ती फाइल ॲपच्या आतच राहते, आणि तीस दिवसांत एकदा तरी नेटला जोडले नाही तर वाजणे थांबते.

पुढची खरेदी आणि जपणूक

नव्याने गाणी घेताना पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: फाइल कोणत्या प्रकारात मिळणार, आणि ती ॲपबाहेर, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवता येणार का. बँडकॅम्पवर कलावंत थेट विकतात आणि एमपी३ सोबत फ्लॅकही मिळते. आयट्यून्स स्टोअरची विकत घेतलेली गाणी आता मोकळ्या एएसीमध्ये येतात. सीडी घेणेही वाईट नाही, फक्त २००५ च्या आसपासच्या परदेशी सीडींबाबत सावध असावे. सोनी बीएमजीने तेव्हा ५२ अल्बमांच्या सीडींवर संगणकात गुपचूप शिरणारे एक्ससीपी नावाचे सॉफ्टवेअर टाकले होते आणि बोभाटा झाल्यावर त्या परत मागवल्या. अशी सीडी घरात असेल तर विंडोजचे ऑटोप्ले बंद करूनच ती आत घालावी.

सोडवलेल्या संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, त्यांतली एक शक्य तर दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा हवे तर, त्या जोडून काही गाणी वाजवून पाहावीत, कारण कपाटात पडून राहिलेली डिस्क न सांगता मरते. खरेदीच्या ईमेल पावत्या त्याच डिस्कवर एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. आणि घरातील एका माणसाला ती डिस्क कुठे आहे हे सांगून ठेवावे: ॲपलची मृत्यूनंतर खाते पाहू देणारी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ सोय छायाचित्रे आणि टिपणे देते, परंतु त्या खात्यातून विकत घेतलेले संगीत वारसाला देत नाही, त्यामुळे मुलांच्या हाती येतील ती डिस्कवर उतरवलेलीच गाणी.